जुन्या ट्रकला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: पंप चांगला, डब्यातलं बाकी सामान नाही

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. पंपाला पाचपैकी साडेचार. त्याच डब्यातून आलेल्या बाकीच्या सामानाला दोन, तेही क्लिपा बऱ्या निघाल्या म्हणून. सूचनांच्या कागदाला मात्र काहीच देणार नाही, कारण जी गोष्ट सगळ्यात आधी लिहायला हवी तीच त्यात नाही: इंजिन बंद पडलं आणि चावी चालूच राहिली, तर हा पंप थांबवायचा कोणी?

ट्रक १९७२चा शेव्हरोले सी-१०. ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, वर रॉचेस्टरचा चार बॅरलचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, इग्निशन अजून पॉइंटवालंच, म्हणजे ठिणगीचं सर्किट उघडझाप करणाऱ्या संपर्कांचं. पंप १२ व्होल्टचा, चौकोनी ठोकळ्यासारखा, आत सॉलिड-स्टेट सर्किट, अंगावर ४ ते ७ पीएसआय (दाबाचं माप, दर चौरस इंचाला पाउंड) छापलेलं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. या घडणीचे पंप निरनिराळ्या डब्यांत, निरनिराळ्या नावांनी मिळतात, आणि मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या सगळ्यांना लागू आहे. माझा रोजचा धंदा कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचा. त्यामुळे या परीक्षणात पंपापेक्षा वायरिंगवर जास्त बोललं गेलं, तर ते समजून घ्या.

जुन्या यांत्रिक पंपाबद्दल मी वाईट बोलणार नाही. इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवलेली चकती, असते. या इंजिनात तिच्यावर पावणेसहा इंचांचा एक रॉड टेकतो, रॉड पंपाचा आर्म दाबतो आणि आर्म डायफ्राम खेचतो. खेचताना टाकीतून पेट्रोल आत येतं. ते कार्ब्युरेटरकडे ढकलण्याचं काम मात्र आर्म करत नाही, डायफ्रामखालची स्प्रिंग करते. म्हणून प्रेशर किती मिळणार हे स्प्रिंग ठरवते, इंजिनाचा वेग नाही. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, भरून तिच्यातल्या तरंगत्या फ्लोटनं निडल, म्हणजे आत येण्याची वाट अडवणारी सुई, बंद केली की डायफ्राम जागच्या जागी अडकून राहतो आणि आर्म नुसताच हलत बसतो. वायर नाही, फ्यूज नाही, रेग्युलेटर नाही. इंजिन थांबलं की पंपही थांबला. हा शेवटचा गुण त्या पंपात कोणी वेगळा घातलेला नाही, तो त्याच्या घडणीतच आहे. इलेक्ट्रिक पंप बसवताना आपण तोच काढून टाकतो आणि मग वेगळे पैसे मोजून परत आणतो. आणायलाच हवा.

मग बदलला का? दोन कारणं. पहिलं म्हणजे ट्रक बरेच दिवस उभा राहिला की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून जायचं. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे सेल्फ मारताना यांत्रिक पंपाला मिनिटाला जेमतेम शंभरेक ठोके मिळतात. तेवढ्यावर कोरडा चेंबर भरायचा म्हणजे बॅटरीचा आणि स्टार्टरचा जीव काढायचा. दुसरं कारण व्हेपर लॉक, म्हणजे लाइनमध्ये पेट्रोलची वाफ धरून प्रवाह अडणं, आणि ते जरा समजून घेण्यासारखं आहे.

पाणी कसं शंभर अंशांना उकळतं, तसं पेट्रोलचं एकच एक तापमान नसतं. ते अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच वाफ व्हायला लागतात. त्यात यांत्रिक पंप बसलेला असतो तापलेल्या इंजिनाच्या ब्लॉकला खेटून, आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या लाइनमध्ये तो ओढ निर्माण करतो. ओढ म्हणजे कमी दाब, आणि दाब कमी झाला की तेच पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. लाइनमध्ये वाफेचा बुडबुडा धरला की डायफ्राम त्यालाच दाबतो आणि सोडतो, पेट्रोल काही पुढे सरकत नाही. चढावर, गर्दीत, तापलेल्या दुपारी गाडी झटके देते, मरते, आणि अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू होते. दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा बाष्पदाब थोडा चढतो, म्हणजे ते आणखी सहज वाफ होतं. जिथे हिवाळ्यासाठी वेगळं, जास्त उडणारं पेट्रोल विकतात, तिथे थंडी सरल्यासरल्या अचानक उकाडा झाला की हा त्रास सगळ्यात जास्त.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, गार जागी बसतो आणि पुढची सगळी लाइन दाबाखाली ठेवतो. ओढ उरते ती टाकी ते पंप एवढ्या हात-दीड हात अंतरापुरती. पाच-सहा पीएसआय दाबाखाली असलेलं पेट्रोल इतक्या सहज उकळत नाही. कारण एवढंच आहे, जादू काही नाही.

पण खरेदीच्या आधी एक गोष्ट नीट ऐका. गाडी तापल्यावर बंद करून थोड्या वेळानं चालू करताना जो त्रास होतो, तो बहुतेकदा लाइनमधला नसतो. इंजिन बंद झालं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, मॅनिफोल्डची (कार्ब्युरेटरखालच्या, सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या ओतीव नळ्यांची) उष्णता कार्ब्युरेटरमध्ये चढते, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि जेटमधून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. गाडी पेट्रोलअभावी नव्हे, पेट्रोल जास्त झाल्यामुळे सुरू होत नाही. या रोगावर इलेक्ट्रिक पंप औषध नाही. त्याला कार्ब्युरेटरखाली जाड फिनॉलिक (उष्णता सहज न वाहू देणाऱ्या प्लास्टिकचा) स्पेसर लागतो, उष्णता अडवणारी पत्रा-प्लेट लागते. ओळखायची खूण सोपी: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला आणि काळा धूर टाकत गाडी उठली, तर चेंबर उकळत होता. तसंच टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे का, मागचा रबरी होस चिरून हवा ओढतो आहे का, टाकीतली जाळी चोकअप आहे का, हे आधी बघून घ्या. यातलं काही बिघडलेलं असेल, तर नवा पंपही तुम्हाला तेवढाच छळेल.

आता निवड. बाजारात दोन घराणी आहेत. एक रोटरी व्हेनवाली, मोटर असलेली: प्रवाह भरपूर, आवाज भरपूर, करंटही जास्त. दुसरी सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकानं मागेपुढे होणाऱ्या, दांड्यावर टिकटिक करणारी; माझा पंप याच घराण्यातला. लोक हौसेनं मोठ्यात मोठा पंप घेतात. १४ पीएसआयचा घेतात, मग तो खाली आणायला रेग्युलेटर घेतात, मग रेग्युलेटर गळतो. जरा हिशेब करून बघा. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल खातं असं ढोबळ मानतात. २०० अश्वशक्ती धरली तर १०० पाउंड, म्हणजे ४५ किलो, म्हणजे साधारण ६० लिटर तासाला. तेही अखंड पाय दाबून. जुना ट्रक असं कोण चालवतं? माझ्या पंपावर छापलेला आकडा याच्या जवळजवळ दुप्पट आहे. खरी मर्यादा प्रवाहाची नाही, दाबाची आहे. क्वाड्राजेटच्या निडलवर सहा-सातच्या वर प्रेशर गेलं की फ्लोटला ती बंद ठेवता येत नाही आणि पेट्रोल वरून ओव्हरफ्लो होतं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून कार्ब्युरेटरला लावायचा विचार तर डोक्यातूनच काढा, त्याचं प्रेशर ४० ते ६० असतं.

या ट्रकपुरती आणखी एक अट आहे. १९६७ ते १९७२च्या सी-१०मध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. १९७३पासून ती बाहेर, फ्रेमच्या बाजूला गेली. टाकी उंचावर असल्यामुळे पंपाला पेट्रोल वर ओढावं लागत नाही, आयतं मिळतं. पण त्याच कारणानं, पंप बंद असतानाही टाकीतलं पेट्रोल त्याच्यातून खाली वाहू शकतं. निडलमध्ये कचरा अडकला तर रात्रभरात टाकी इंजिनात रिकामी व्हायची. म्हणून या पंपाचा जो प्रकार बंद असताना वाट पूर्ण अडवतो, तो मागून घ्या. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. लेबलवरचा भाग क्रमांक वाचल्याशिवाय डबा फोडू नका.

डब्यात काय मिळालं? पंप, दोन पितळी निपल, एक कागदी फिल्टर पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात, थोडा होस, क्लिपा, दोन स्क्रू आणि तो कागद. पंपाची घडण पाहून बरं वाटलं. ओतीव भाग स्वच्छ, आटे खोल आणि साफ, वायर जाड. होसवर मात्र कुठलाच मानक छापलेला नव्हता. पेट्रोलच्या होसवर काही लिहिलेलं नसेल तर तो सरळ बाजूला ठेवावा. कार्ब्युरेटरच्या कमी दाबाला एसएई (अमेरिकेतली वाहन-अभियंत्यांची संस्था) ३०आर७ मानकाचा होस चालतो. मी ३०आर९ लावला, तो इंजेक्शनच्या दाबाचा आहे आणि इथेनॉलला चांगला टिकतो. प्लास्टिकचा फिल्टरही मी वापरला नाही. इंजिनाच्या उष्णतेत ते कवच पिवळं पडून तडकतं, आणि कागदी फिल्टर पंपाच्या आधी लावला तर थोडा कचरा बसला तरी ओढ वाढते. मग व्हेपर लॉक टाळायला घेतलेल्या पंपातच वाफ धरायची. पंपाच्या आधी जाड जाळीचा, साधारण १०० मायक्रॉनचा, आणि पंपानंतर बारीक, असा क्रम ठेवा.

जागा मी केबिनच्या खाली, फ्रेमच्या रेलवर निवडली: टाकीपेक्षा खाली, टाकीच्या जवळ, एक्झॉस्टपासून लांब, चाकाचा दगड लागणार नाही अशा आडोशाला. पंप केबिनच्या आत कधीही बसवू नका, सीटमागे कितीही जागा दिसली तरी. टाकी आत आहे हेच पुष्कळ झालं. हे पंप ढकलण्यात तरबेज, ओढण्यात कच्चे, म्हणून जागेच्या बाबतीत तडजोड नको. पंपाचं बाहेरचं तोंड वरच्या बाजूला ठेवलं म्हणजे आत हवा अडकत नाही. निपलच्या आट्यांना टेफ्लॉनची पट्टी लावू नका. तिचा एखादा धागा सुटून नेमका निडलखाली जाऊन बसतो. पेट्रोल सहन करणारं पातळ सीलंट लावा, तेही पहिला आटा कोरडा सोडून.

लाइन सोडताना एक लक्षात ठेवा. टाकी वर असल्यामुळे होस निसटला की पेट्रोल सायफनसारखं येतच राहतं. होस आधी चिमट्यानं दाबून धरा, खाली तसराळं ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि हातात बल्बचा दिवा घेऊन गाडीखाली शिरू नका. आगीचा सिलिंडर हाताशी ठेवा. गॅरेजच्या कोपऱ्यातला नाही, हाताशी.

जुना पंप काढणं सोपं, दोन बोल्ट आणि दोन लाइन. पण तो रॉड विसरू नका. पंपाच्या मागे आणखी एक प्लेट असते, तीही काढायची आणि रॉड ओढून बाहेर घ्यायचा. नुसतं झाकण लावून रॉड आत सोडला तर तो एक्सेंट्रिकवर नाचत राहील. नवं गॅस्केट आणि झाकणाची प्लेट लावली की झालं. काही जण यांत्रिक पंप तसाच ठेवून मागे मदतीला इलेक्ट्रिक लावतात. मला ते पटत नाही. जुना डायफ्राम फाटला तर मागचा पंप सगळं पेट्रोल दाबानं थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइलमध्ये, ढकलेल, आणि ऑइल पातळ होऊन बेअरिंग जाईपर्यंत तुम्हाला कळणारही नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास यायला लागला तर तेच कारण समजा. माझ्या जुन्या पंपाच्या डायफ्रामला बोट लावलं, तर पापडासारखा कडक.

इथवरचं काम एका माणसाचं, एका दुपारचं. खरं काम यापुढे आहे, आणि डब्यातला कागद इथेच एका ओळीत संपतो: लाल वायर बारा व्होल्टला जोडा, काळी बॉडीला.

कुठल्या बारा व्होल्टला? बॉनेटखाली हात घातला की सगळ्यात जवळ सापडतो तो इग्निशन कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलचा) पॉझिटिव्ह, आणि बरेच जण तिथेच जोडून मोकळे होतात. पॉइंटवाल्या इग्निशनमध्ये कॉइलला जाणारी वायर मुद्दाम रोध असलेली असते, पॉइंट जळू नयेत म्हणून. त्यामुळे इंजिन चालू असताना कॉइलवर पूर्ण बारा व्होल्ट नसतातच. तिथून पंप चालवला तर तो अर्धपोटी चालेल, आणि वर कॉइलच्या वाट्याचंही खाईल. सिग्नल फ्यूज-बॉक्समधल्या इग्निशनच्या टोकावरून घ्या. काम करणारी वीज बॅटरीपासून वेगळ्या फ्यूजमधून, रिलेमार्फत (बारीक करंटनं चालणाऱ्या, मोठा करंट जोडणाऱ्या स्विचमार्फत) आणा.

हा पंप दोन अँपियरच्या आतबाहेर घेतो. एवढ्याशाला रिले कशाला, असं कोणी विचारेल. पन्नास वर्षांची चावीची स्विच, पन्नास वर्षांचे जोड, हिरवे पडलेले फ्यूजचे चिमटे, या सगळ्यांतून दोन अँपियर नेऊन बघा आणि पंपाच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. मी आधी तात्पुरती तशी जोडणी करून मोजलं: अल्टरनेटर चालू असतानाही साडेअकराच्या घरात. रिले लावून १४ गेजची सरळ वायर आणल्यावर साडेतेरा. सोलेनॉइडचा पंप व्होल्टेजला फार हळवा असतो, व्होल्ट कमी झाले की ठोका मंदावतो. रिलेची टोकं नेहमीचीच: ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला पंप, ८५ अर्थ, ८६ ला सिग्नल. अर्थसाठी फ्रेमचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर रिंग टर्मिनल कसा, वरून ग्रीस लावा. पंपाचा स्क्रूच अर्थ म्हणून वापरू नका, कारण त्याच्याखाली रबरी बुश येणार आहेत.

आता तो मुद्दा. अपघात झाला, होस तुटला, इंजिन मेलं, चावी चालू. यांत्रिक पंप तिथेच थांबला असता. हा टिकटिक करत मिनिटाला एकदीड लिटर पेट्रोल गरम एक्झॉस्टवर ओतत राहील, बॅटरी संपेपर्यंत किंवा आग लागेपर्यंत. म्हणून ८६ ला जाणारा सिग्नल ऑइल प्रेशरच्या स्विचमधून न्यायचा. इंजिनात चार-पाच पीएसआय ऑइल प्रेशर असेल तरच स्विच जोडला जातो, नसेल तर तुटतो. या स्विचमधून पंपाचा करंट थेट नेऊ नका, नुसती रिलेची कॉइल चालवा, नाहीतर त्याचे संपर्क जळून चिकटतात आणि मग तो असून नसल्यासारखा. सेल्फ मारताना अजून ऑइल प्रेशर नसतं, म्हणून तीन टोकांचा स्विच घ्यावा लागतो: त्याच्या तिसऱ्या टोकाला स्टार्टरच्या सोलेनॉइडची वायर आली की सेल्फ मारतानाही पंप चालतो.

दुसरा पहारेकरी इनर्शिया स्विच. जोराचा दणका बसला की आतली गोळी उडते आणि सर्किट तुटतं. पुन्हा जोडायला वरचं बटण दाबायचं. फोर्डनं आपल्या इंजेक्शनच्या गाड्यांत हे स्विच वर्षानुवर्षं लावले, त्यामुळे भंगारातल्या गाडीतूनही मिळतात. तो उभा, घट्ट, केबिनच्या आत, हात पोचेल असा बसवा. ज्याला ऑइल स्विचची कटकट नको त्याच्यासाठी इग्निशनचे ठोके मोजणारा रिलेही मिळतो: चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंप चालवतो, मग ठोके आले तर चालू ठेवतो, थांबले तर बंद करतो. तारा कमी लागतात, जुळणी सुबक होते. मी जुन्या पद्धतीनं केलं, कारण त्यात काय बिघडलं ते टेस्ट लॅम्प लावून रस्त्यातसुद्धा शोधता येतं.

ऑइल स्विचमुळे एक गैरसोय होते. नुसती चावी फिरवून चेंबर भरता येत नाही. मी डॅशबोर्डखाली, दाबून धरलं तरच चालणारं एक बटण ऑइल स्विचला समांतर जोडलं. कोरड्या गाडीला ते दाबून धरायचं, टिकटिक मंद झाली की चेंबर भरला, मग सेल्फ. बोट उचललं की बटण सुटतं, चालू राहण्याची भीती नाही.

भावाचा मुलगा दिवा धरायला बसला होता. पंप टिकटिकला तसा म्हणाला, "आत्या, चालू झाला की! आता आणखी तारा कशाला?"

"चालू करायला एकच तार लागते रे. बाकीच्या सगळ्या बंद करायला."

"आणि यातलं एखादं बिघडलं तर गाडी रस्त्यात थांबेल ना?"

प्रश्न रास्त होता. थांबेल. सुरक्षेचा प्रत्येक स्विच म्हणजे बंद पडण्याची एक जास्तीची जागा, हे पॅनलवाल्यांना पहिल्या वर्षीच कळतं. त्यावर उपाय म्हणजे जोड क्रिंप करून उष्णतेनं आवळणारी नळी चढवायची, तार फ्रेमच्या आतल्या अंगानं न्यायची, आणि एक जादा रिले, फ्यूज नि ऑइल स्विच ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायचा. स्विच काढून टाकणं हा उपाय नाही.

बसवल्यावर तपासणी करा, नुसता विश्वास ठेवू नका. इंजिन चालू असताना ऑइल स्विचची वायर काढली: पंप गप्प, आणि चेंबरमधलं पेट्रोल संपल्यावर इंजिन मेलं. इनर्शिया स्विच काढून हातावर आपटला: सर्किट तुटलं. चावी चालू, इंजिन बंद: शांतता. मगच गाडी बाहेर काढली.

चालवायला कसा आहे? एक अख्खा उन्हाळा आणि नंतरची थंडी झाली. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी आता बटण दाबून मग पहिल्या सेल्फला उठते. पूर्वी ज्या चढावर दर उन्हाळ्यात मरायची तिथे आता मुकाट चढते. कार्ब्युरेटरजवळ गेज लावून बघितलं, आयडलला साडेपाच, तिसऱ्या गिअरमध्ये लोड घेऊन चढताना पाचाच्या जरा वर. या गेजबद्दल एक सांगते: आत तेल भरलेला गेज गरम झाला की खोटं बोलतो, इंजिनजवळ कोरडाच लावा. आणि पेट्रोलची नळी केबिनमधल्या गेजपर्यंत कधीही आणू नका. ताकद वाढली का? नाही. मायलेज? नाही. जे कोणी तसं सांगतात त्यांचा आधीचा पंप मेलेला होता.

आवाज हा मात्र खरा दोष. सोबत आलेले स्क्रू थेट फ्रेममध्ये कसले तर सगळी फ्रेम टिकटिकते आणि सीटखालून ऐकू येते. डब्यात रबरी बुश नव्हते, वेगळे आणावे लागले. त्यानंतर आयडलला कान दिला तर कळतो, चालत्या गाडीत नाही. मला आता त्या ठोक्याचा उपयोग होतो: एकसारखा जलद टिकटिकायला लागला की कुठेतरी हवा ओढतो आहे किंवा टाकी तळाला आली आहे. रोटरी व्हेनचा पंप मी एका ओळखीच्या ट्रकवर ऐकला आहे, तो सतत गुरगुरतो आणि त्या गुरगुरण्यातून काहीच कळत नाही. अर्धा गुण कापला तो बुश न दिल्याबद्दल.

कोणी घेऊ नये हेही सांगते. ज्यांचा ट्रक रोज चालतो, उष्णतेचा त्रास नाही आणि यांत्रिक पंप धड आहे, त्यांनी नवा यांत्रिक पंपच घ्यावा, इथेनॉल सहन करणाऱ्या डायफ्रामचा. अर्ध्या तासाचं काम, वायरिंगचा प्रश्न नाही. ज्यांना प्रदर्शनात मूळ रूप जपून गाडी उभी करायची आहे, त्यांनाही झाकणाची प्लेट खुपेल. आणि ज्यांना रिले, ऑइल स्विच वगैरे नको, नुसता पंप लाल-काळ्या तारेवर चालवायचा आहे, त्यांनी मुळीच घेऊ नये. बाकीच्यांनी पंप घ्या, फिल्टर आणि होस वेगळा घ्या. ३०आर९ होसला सुरीनं कापलेली कड सरळ ठेवा, क्लिप कडेपासून थोडी आत बसवा, आणि गाडी चांगली तापून गार झाली की सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा कसा. नव्या होसचं रबर पहिल्या गरमीत बसतं, माझ्या दोन क्लिपा त्यानंतर सैल निघाल्या होत्या.